पाचवी, बारसं आणि बाळाचा डॉक्टर

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात एक मोठी बढती मिळाली. नोकरीत नव्हे हो, घरात! मी मामा झालो. आमची मनू, म्हणजे माझी धाकटी बहीण, रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दुसरबीडला.

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बुलढाणा जिल्हा, तालुका सिंदखेडराजा. जिजाऊंचं माहेर तेच आमच्या मनूचंही माहेर, असं मी सगळ्यांना ऐकवतो. मेहकरहून जालन्याकडे जाताना रस्त्यावरच लागतं. पूर्वी गावाची ओळख सांगायला जिजामाता साखर कारखाना होता, तो बंद पडला. आता समृद्धी महामार्ग सांगायचा.

तर मनूचा सातवा महिना लागल्यापासून घरात एकच चर्चा होती. बाळाचा डॉक्टर कोणता? बाळंतपण कुठे करायचं हे जालन्याला ठरलेलंच होतं. पण नंतर महिना-दोन महिने बाळ दुसरबीडला राहणार, त्याचं काय? मनूच्या सासरचे म्हणत, पुण्यालाच करा सगळं. काका म्हणत, मेहकर. आत्या म्हणे देऊळगावराजा, तिच्या नातवाला तिथल्या डॉक्टरचा ‘हात लागतो’. मी पडलो कॉम्प्युटरवाला. एक्सेलमध्ये यादी केली. नाव, पदवी, गाव, घरापासून किती वेळ, फी, लोक काय म्हणतात, काचेची पेटी आहे का... अकरा डॉक्टर, नऊ रकाने. वर रंगसुद्धा भरले!

छापील कागद आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून सावकाश सगळा वाचला आणि म्हणाली, "यादी चांगली हाये रे बापा. पन रातच्या दोन वाजता यातला कोन फोन उचलते, ते कुठं लिवलं तू?"

ते कुठंच लिहिलं नव्हतं.

मग कागदाची घडी घालत ती हळूच म्हणाली, "तुया दादाच्या वेळेस यादी नव्हती. असती तरी काय केलं असतं म्हना."

दादा. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो गेला, एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरात हा विषय कधी निघत नसे. त्याला नाव नव्हतं, कारण बारशापर्यंत तो राहिलाच नाही. साल १९७९. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि मला झोप लागली नाही की मी वाचत बसतो. डॉक्टर ‘निवडायचा’ ही गोष्ट आपल्याकडे कधीपासून सुरू झाली, हे शोधायला लागलो. जे सापडलं ते इथे मांडतोय. नमनाला घडाभर तेल झालं, माफी असावी.

*

कागदोपत्री पाहिलं तर आपल्याकडे मुलांचं वैद्यक फार जुनं. आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये ‘कौमारभृत्य’ हे एक अख्खं अंग फक्त बालकांसाठी आहे, आणि काश्यपसंहिता हा त्यातला मुख्य ग्रंथ. पण ग्रंथातलं शास्त्र गावकुसापर्यंत किती पोचलं? गावात होती ती सुईण, गुटीचं सहाण आणि सटवाई.

पाचवीच्या पूजेबद्दल मी लहानपणापासून फक्त गंमत म्हणून ऐकत आलो. पाचव्या दिवशी रात्री पाटा मांडायचा, दिवा जागता ठेवायचा, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. ‘पाचवीला पुजलेलं’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. आता मात्र हे वेगळंच दिसायला लागलं. पाचवीला घरातल्या सगळ्या बायांनी रात्रभर जागायचं. बाळाला नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी, त्याआधी नाही. मला वाटतं (हे माझं वाटणं आहे, शास्त्र नाही) की या प्रथा ज्यांनी पाडल्या त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. पहिले दहा-बारा दिवस बाळ आपलं नसतं. ते राहिलं तर नाव ठेवायचं. जागरण हाच त्यांचा डॉक्टर होता.

याच पहिल्या दहा दिवसांतून मराठी मुलुखातली एक मोठी गोष्ट सुरू झाली. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदीबाई. नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी बाळंतपण. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून. शाळेत आपण आनंदीबाईंचा धडा ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक’ म्हणून पाठ केला. पण ती डॉक्टर झाली ते त्या दहा दिवसांमुळे, हे पाठ करताना कधी अंगावर आलं नव्हतं. १८८३ मध्ये ती बोटीनं अमेरिकेला गेली, ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली. पदवीच्या प्रबंधाचा विषयही तिनं कोणता घेतला? हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परत आली ती क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या इस्पितळातली बायकांच्या विभागाची नेमणूक तशीच राहिली. तिथलं एकही बाळ तिच्या हाताखालून गेलं नाही.

एकोणीस वर्षांची माझी आई आणि चौदा वर्षांची आनंदी. मध्ये शंभर वर्षं. पण त्या दोन बाळांमध्ये काय फरक पडला होता?

*

फरक पडला होता, पण मुंबईत. तोही सुरुवातीला बेताचाच.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे बालमृत्यू सहाशेच्या वर होते. आकडा वाचून मी दचकलो, पुन्हा वाचला. मग खाली खुलासा सापडला आणि हसावं की रडावं कळेना. गिरणगावातल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी, माहेरी जात. जन्माची नोंद तिकडे राहायची (किंवा राहायचीच नाही), आणि तान्हं मूल मुंबईच्या खोलीत परत आल्यावर मेलं की मृत्यूची नोंद मात्र मुंबईत. त्यामुळे आकडा फुगलेला. माहेरपणाची आपली रीत अशी सरकारी तक्त्यात जाऊन बसली! पण फुगवटा काढून टाकला तरी जे उरतं ते भयंकरच होतं. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. आई गिरणीत जाणार, मूल दिवसभर झोपावं म्हणून त्याला अफूची गोळी. तिला नाव काय, तर ‘बाळगोळी’.

या गिरणगावाच्याच उंबऱ्यावर, परळला, वाडिया कुटुंबानं १९२६ मध्ये बाळंतपणाचं आणि १९२९ मध्ये मुलांचं इस्पितळ उभं केलं. मुलांचं ते बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. डॉ. जॉर्ज कोएलो हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. भारतीय बालरोगशास्त्राचे जनक म्हणतात त्यांना. त्यांच्या आधी मूल म्हणजे ‘लहान आकाराचा मोठा माणूस’ असं धरून मोठ्यांचाच डॉक्टर औषध अर्धं करून द्यायचा. मुलाचं शरीर निराळं, त्याचे आजार निराळे, त्याला निराळा डॉक्टर हवा, हे इथल्या वैद्यकाला पटवायला त्यांच्यासारख्यांना अनेक वर्षं लागली. बालरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, १९६३ मध्ये झाली. म्हणजे आज आपण पाटीवर वाचतो तो ‘बालरोगतज्ज्ञ’ हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणी जवळजवळ नव्हताच.

आणि दुसरबीडला? आमच्याकडे मुलांचा डॉक्टर म्हणजे देवीडॉक्टर. आईच्या दंडावर दोन गोल वण आहेत, तुमच्याही घरातल्या जुन्या माणसांच्या असतील. देवी टोचायला यायचा तो खरा डॉक्टर नसेच, लस टोचणारा सरकारी माणूस. पण लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि पोरं त्याला पाहून कडब्याच्या गंजीमागे पळत. हे काम किती जुनं? १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. तिथपासून १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत पावणेदोनशे वर्षं असे बिननावाचे लोक दारोदार फिरले. कुणी त्यांना ‘निवडलं’ नव्हतं. उलट लोक दार लावून घेत.

*

आता दादाबद्दल.

सकाळी आई चुलीपाशी चहा करत होती. (गॅस आहे, पण पहिला चहा अजून चुलीवर.) धीर करून विचारलं, नक्की काय झालं होतं? मला वाटलं ती विषय टाळेल. पण ती सांगत गेली, जसं काही कुणी विचारायची वाटच बघत होती.

बाळ चांगलं होतं. धट्टंकट्टं. पाच-सहा दिवस छान प्यालं. सातव्या दिवशी तोंड उघडेना, दूध ओढेना. मग अंग ताठ व्हायला लागलं, धनुष्यासारखं. कुणी हात लावला, भांडं वाजलं, की अजून ताठ. सगळे म्हणाले बाहेरचं आहे. देव्हाऱ्यापुढे नवस झाला, पोटावर बिब्बा झाला. आजोबांनी बैलगाडी जुंपून सडकेवर आणली, तिथून एस.टी.ची वाट पाहिली. आठव्या दिवशी दुपारी सडकेवरच...

"नाळ कशानं कापली होती?" मी विचारलं.

"इळ्यानं. तवा सगळ्याइची तशीच कापत."

धनुर्वात. मी डॉक्टर नाही, पण हे वर्णन कुठल्याही पुस्तकात जसंच्या तसं सापडतं. मातीतले, शेणातले जंतू विळ्यावरून नाळेत जातात. आधी नीट पिणारं बाळ आठवड्याभरानं पिणं सोडतं. जगात कितीतरी ठिकाणी याला नावच ‘आठव्या दिवसाचा आजार’ असं आहे. हा आजार एकदा झाला की तेव्हाचा मुंबईचा तज्ज्ञही बहुधा हात जोडून उभा राहिला असता. आणि तो टाळायला काय लागतं? उकळलेलं नवं ब्लेड, कोरडी स्वच्छ नाळ आणि आईला गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं. आईच्या रक्तातून ते संरक्षण बाळाला मिळतं.

"माझ्या वेळी?"

"तुया वेळेस नर्सबाई आली व्हती घरी. दोन सुया देल्ल्या. तुया आजीनं हाकललं व्हतं तिले पहिल्या खेपेस. ती पुन्हा आली."

ती पुन्हा आली, १९८४ मध्ये. तिचं नाव आईला आठवत नाही. नसबंदीला धरून नेतात या भीतीनं तेव्हा बायका नर्सला घरात घेत नसत, असंही आई म्हणाली. भारतातून आईचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मान्य केलं. मी ती बातमी तेव्हा वाचलीही नसेन. आमच्या घराचा त्या बातमीशी काय संबंध ते आत्ता कळलं.

*

या इतिहासातला शेवटचा टप्पा आपल्या विदर्भातलाच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केलं आणि पोरं कशानं मरतात हे आधी मोजलं. न्यूमोनिया हे एक मोठं कारण निघालं. आता गंमत बघा, न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागतो असं आपल्याला वाटतं. तान्ह्या बाळाचे श्वास मोजले तरी पुष्कळ कळतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण अक्षरओळख नसलेल्या दाईनं साठपर्यंत मोजायचं कसं? म्हणून त्यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. कुठे गुटीचं सहाण नि कुठे हे मणी, पण हात तेच, बाईचे!

नंतर त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायचं, ऊब ठेवायची, पिणं बघायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. तीन वर्षांत तिथला नवजात बालमृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांत तो होता तिथेच राहिला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ पासून हेच काम देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट.

हे सगळं वाचलं, वहीत टिपलं, आणि तरी सांगतो, मनूचं बाळ घरी आलं तेव्हा माझा भर त्या एक्सेलवरच होता. पहिल्या नंबरवर हिरव्या रंगात जे नाव होतं तिथे मी फोन करून ठेवला होता. निश्चिंत झालो होतो.

*

सातव्या दिवशी आशाताई आल्या. पिशवीतून काटा काढला, थर्मामीटर काढला. आम्ही चहाचा आग्रह करतोय, त्या म्हणाल्या आधी बाळ. वजन केलं. मग दुपटं बाजूला करून मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि बाळाच्या पोटाकडे टक लावून बसल्या. घरात चिडीचूप. एक मिनिट इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

"अडुसष्ट," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोजते." पुन्हा सहासष्ट. पाय थंडगार. मनूला विचारलं, सकाळपासून किती वेळा प्यालं? मनू म्हणाली, झोपतंय सारखं, शांत आहे. आम्हाला सगळ्यांना ते शांत बाळ फार गुणी वाटत होतं!

"शांत नाही ताई, सुस्त आहे. आत्ता निघा."

मी दाराकडे बघितलं. आई चौकटीला धरून उभी होती. सातवा दिवस होता. तिच्या मनात काय चाललं असेल ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

हिरव्या रंगातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडून सांगितलं, डॉक्टर आत्ता नाहीत, उद्या अकराला नंबर लावा. (नाव लिहिणार नाही. त्यांचीही काही अडचण असेल.) मी दुसरा नंबर शोधायला लागलो तेवढ्यात आई म्हणाली, "माह्या हातानं खून केली त्यालेच लाव." मी कागद नीट पाहिला. यादीत सातव्या नंबरवर, फारशा चांगल्या न दिसणाऱ्या एका नावापुढे तिनं पेन्सिलनं फुली मारली होती. आशाताईंना विचारून. आशाताई म्हणे, पोरं मी पाठवते ती तिथंच, ते रात्रीही उठतात, आणि आपल्याच्यानं होत नसेल तर ‘पुढं न्या’ असं लगेच सांगतात.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला. बाळाला छातीशी उघडं धरा, वरून दोघांना पांघरूण घ्या, आणि निघा, म्हणाले. आशाताई गाडीत बसून सोबत आल्या.

जंतुसंसर्ग होता. सात दिवस पेटीत, सलाईन, इंजेक्शनं. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. मी इंटरनेटवर वाचलेलं काही विचारलं की ‘हूं’ म्हणत. पण मनूशी मात्र रोज दहा मिनिटं बोलत, डबा-बाटली काही नको, तुझंच दूध काढून देऊ, म्हणत. आणि मला एकदाच म्हणाले, "मामा, मी काही केलं नाही. तुमच्याकडे ज्यांनी श्वास मोजले त्यांनी केलं. एवढ्याशा बाळाला ताप येतोच असं नाही, ते थंड पडतं. हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर होतो."

*

अंतरं कमी झाली आहेत, हे खरं. सडकेवर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माझ्या आजोबांना आजचा समृद्धी पाहून काय वाटलं असतं कोण जाणे. २०२४ मध्ये तर बुलढाणा आणि जालना, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. उद्या आमच्या भागात निवडायला डॉक्टर भरपूर असतील, आणि ते चांगलंच आहे. निवडा, जरूर निवडा. पण माझ्या यादीत आता दोनच रकाने आहेत. रात्री दोनला दार उघडतात का, आणि ‘हे माझ्याच्यानं होणार नाही’ असं म्हणतात का. आणि यादीच्या आधी घरातल्या प्रत्येकाला श्वास मोजायला शिकवा. मामांनासुद्धा.

बारसं बाराव्या दिवशी झालं नाही, तेव्हा बाळ पेटीत होतं. एकविसाव्या दिवशी केलं. पाळणा सजवला, घुगऱ्या वाटल्या. आशाताईंची तिसरी नाही, चौथी भेट त्याच दिवशी होती, त्यामुळे त्या काटा घेऊनच आल्या आणि पाळणा म्हणायच्या आधी बाळाचं वजन झालं! आईनं त्यांची ओटी भरली.

नाव काय ठेवायचं यावरून पुन्हा दोन्ही घरांत यादी होतीच. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी पाठीत धपाटे घातले. गर्दी पांगल्यावर पाहिलं तर आई पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात आणखी काहीतरी सांगत होती. दुसरं नाव असावं. शेहेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं.

मी विचारलं नाही.

असो. मामाला आता दुपटी बदलायची आहेत. पुन्हा कधीतरी लिहीन.